दातांच्या दवाखान्यात उंट

अकील मन्यारचा हात कधी हलत नाही, हे शहाद्यात कुणालाही विचारा. बस स्टँडसमोरच्या गल्लीत त्याची मोबाइल दुरुस्तीची टपरी आहे. टपरीत एक टेबल, एक दिवा, एक पंखा आणि अकील. अकील बसला की पंख्याला फिरायला जागा उरत नाही. डोळ्याला भिंग लावून तो चिमट्यानं तिळाएवढा स्क्रू उचलतो. बाहेरून उसाचा ट्रक धडधडत जातो, टपरी हलते, दिवा हलतो, गिऱ्हाईकसुद्धा हलतं. चिमटा मात्र हलत नाही.

"भो, तू डॉक्टर व्हवाले पायजे व्हता," एखादं गिऱ्हाईक कौतुकानं म्हणतं.

त्यावर अकील बाटली उचलून घटाघटा पाणी पितो. डॉक्टर या शब्दानं त्याच्या घशाला कोरड पडते. पण तो घाबरत नाही हं. निदान त्याचं स्वतःचं तरी तसं ठाम मत आहे. त्याला फक्त लवंगेच्या तेलाचा वास सोसत नाही, पांढरा कोट डोळ्यांना टोचतो आणि दात कोरायच्या मशीनचा तो 'ईंऽऽऽ' कानावर पडला की पायाची बोटं आपोआप आत वळतात. बाकी काही नाही.

तर या न घाबरणाऱ्या अकीलला एक मुलगी, माहेनूर, वय वर्षं आठ. घरात हिंदी, गल्लीत अहिराणी, शाळेत मराठी, आणि तिन्हीकडे तोंडाचा पट्टा सारखाच. एका माणसाला दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा तो माणूस तिच्या तोंडातून बोलायचा. कंडक्टर, मौलवीसाहेब, कणसं विकणारी नानीबाई, सगळे तिच्या घशात भाड्यानं राहायला असल्यासारखे. एवढं चालणारं तोंड एकाच ठिकाणी बंद व्हायचं आणि मग उघडायचं नाही. दाताच्या दवाखान्यात.

आणि दात तर किडला होता. खालची डावी दाढ, दुधाची. दोन महिन्यांत दोनदा गाल सुजला. दुसऱ्या वेळी सकाळी दादीनं, म्हणजे बिबीजाननं, पांघरूण काढलं आणि हाक मारली, "अरे अकील्या! पोरना गाल देख, भजासारखा फुगी गया!"

बिबीजाननं चाळीस वर्षं तापीकाठच्या गावागावांत बांगड्या भरल्या. गुजरांच्या लग्नघरात बसून बसून तिची हिंदी केव्हाच अहिराणीत विरघळून गेली. अकील आला, त्यानं गाल बघितला आणि तो दाराची चौकट धरून उभा राहिला.

"तू कसाले थरथरी ऱ्हायना?" बिबीजान म्हणाली. "दात तिना शे, का तुन्हा?"

"मी कोठे थरथरी ऱ्हायनू? दार हाली ऱ्हायनं."

डॉक्टर भूमिका पाटील म्हणजे इथलीच मुलगी. वडील पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात, आणि ती दातांची डॉक्टर. त्यामुळे लोक तिला तोंडावर म्हणायचे, "बाप साखर करस आणि आंडेर दात काढस, घरना घरमाच धंदा शे!" तिनं गोळ्या देऊन सूज उतरवली आणि अकीलला समोर बसवून अगदी पुण्याच्या मराठीत सांगितलं.

"अकीलभाई, सूज गेली, कीड गेलेली नाही. पंधरा दिवसांत दाढ साफ करून भरायला हवी. वीस मिनिटांचं काम आहे. पण ती तोंडच उघडत नाही. मागच्या वेळी उघडलं ते माझं बोट चावायला. पंधरा दिवसांत जमलं नाही, तर सुरतेला न्या. तिथे पूर्ण भूल देऊन करतील."

"पूर्ण भूल म्हणजे?"

"म्हणजे झोपवून."

अकीलच्या डोळ्यांपुढे सुरतेचं मोठं हॉस्पिटल आलं, हिरव्या कपड्यातली माणसं आली, आणि त्यांच्यामध्ये एवढीशी माहेनूर, गप्प. बाकी सगळं त्याला सोसलं असतं, पण माहेनूर गप्प ही कल्पना सोसेना. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की त्यात घाबरण्यासारखं नाही, रोज होतं. अकील म्हणाला, "मी नाही घाबरत," आणि टेबलावरचं त्यांचं पाणी पिऊन टाकलं.

"एक उपाय आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि कपाटातून एक जाडजूड काळा चष्मा काढला. पोहायला जाताना घालतात तसा, पण चौपट. "हा घातला की खोली आहे तशीच दिसते. मी दिसते, खुर्ची दिसते. पण खोलीत नसलेलंही काहीतरी दिसतं. मूल त्यात रमतं, आणि तेवढ्यात मी काम उरकते."

त्या चष्म्यात होता पेंग्विन. तो बेसिनवर उभा राहून म्हणायचा, "हॅलो लिटल फ्रेंड! ओपन व्हेरी व्हेरी वाइड!"

माहेनूरनं चष्मा घातला. खुर्चीत ताठ बसली.

"हा कोन शे?"

दवाखान्यात मदतीला गोवाल होता. तोरणमाळकडचा, बोलायला महाग. दिवसाला चाळीसेक शब्द खर्चायचा, त्यातले तीस 'चूळ भरा'. तो म्हणाला, "पेंग्विन."

"कोट घालेल कावया शे. काव काव करस का?"

"आमच्याकडची, डोंगरावरची पोरं म्हणतात, वकील," गोवाल म्हणाला.

माहेनूर हसली. डॉक्टरीणबाईंनी संधी साधून आरसा आत घातला. सगळं छान चाललं होतं. मग मशीन सुरू झालं. ईंऽऽऽ. माहेनूरनं चष्मा कपाळावर सरकवला आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या बापाकडे बघितलं. अकीलचे डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही कानांत बोटं, ओठ भराभर हलत होते, आणि चपलेच्या बाहेर आलेली पायाची बोटं अशी वळली होती की जणू जमीन धरून ठेवायचीय. माहेनूरनं तोंड मिटलं. खट्.

त्या दिवशी घरी जाताना तिनं रस्त्यावरच्या प्रत्येक गाढवाला, म्हशीला आणि एका पोलिसाला, "हॅलो लिटल फ्रेंड!" म्हटलं. दाढ होती तिथेच होती.

अकीलनं रात्री जेवताना निदान केलं. "चष्मा चांगला शे. जनावर चुकनं. आपल्या पोरीला पेंग्विनचं काय कौतुक? आपलं, ओळखीचं पाहिजे. मी बनवतो."

आणि बनवायचं म्हटलं की अकील मागे हटत नाही. डॉक्टरीणबाईंकडून त्यानं चष्मा चार दिवस घरी आणला. एखाद्या वस्तूचे चहूबाजूंनी शे-दीडशे फोटो काढायचे, कॉम्प्युटरला द्यायचे, की कॉम्प्युटर ते शिवून त्याची उभी आकृती करतो, हे त्यानं कुठेतरी पाहिलं होतं. घरचा कोंबडा होताच. पण कोंबडा काही फोटोसाठी उभा राहीना. शेवटी बिबीजाननं त्याला पोटाखाली हात घालून धरलं.

"लवकर काढ रे. हाऊ माले शिव्या दी ऱ्हायना."

"दादी, कोंबडा शिव्या देत नही."

"तुले समजत नही. मी चाळीस वरीस बाया ऐक्यात, माले समजस."

आकृती झक्क आली. फक्त कॉम्प्युटरला कोंबडा कुठे संपतो आणि बिबीजान कुठे सुरू होते ते कळलं नव्हतं. कोंबड्याच्या पोटातून कोपरापर्यंत एक हात आला होता, हिरव्या बांगड्यांसकट. अकीलनं दोन रात्री बसून तो हात कापला. बोटं गेली, मनगट गेलं. दोन बांगड्या मात्र कोंबड्याच्या पायात राहिल्या त्या राहिल्याच.

"ऱ्हाऊ दे," बिबीजान म्हणाली. "माल मजबूत शे."

दुसरी भेट संध्याकाळी साडेसहाची मिळाली. त्या वेळेनंच घात केला. माहेनूर खुर्चीत बसली, चष्मा घातला. डॉक्टरीणबाई शेजारी बसल्या आणि त्यांच्या डाव्या खांद्यावर तुरा हलवत, बांगड्या घातलेला कोंबडा प्रकट झाला. अकील कोपऱ्यातून अभिमानानं बघत होता. पोरीचा चेहरा खुललेला पाहून त्याच्या पायाची बोटंसुद्धा सरळ झाली.

"मस्त ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता त्याच्याकडे बघत बघत आऽऽ कर."

माहेनूर आ करणार, एवढ्यात बाहेर मशिदीतून मगरिबची अजान सुरू झाली. आता, अकीलच्या घरात अजान झाली की माहेनूरचं एक काम ठरलेलं. कोंबड्या डालायच्या. चार वर्षांची असल्यापासून तिचं हे खातं. टोपलीखाली सगळ्या घालायच्या, वर दगड ठेवायचा, कारण गल्लीत मांजर आहे. आणि कोंबडा खांद्यावर मोकळा बसलाय! तिनं तोंड मिटलं, डोळे बारीक केले आणि खुर्चीवर हळूच गुडघ्यावर उठली.

"काय झालं गं?"

"चूप," माहेनूर कुजबुजली. "उडी जाई."

खुर्चीशेजारी कचऱ्याची जाळीची टोपली होती. नशीब, तिच्यात फक्त चूळ भरायचे कागदी पेले होते. माहेनूरनं डोळ्याचं पातं लवायच्या आत ती उचलली, आणि खप्पकन कोंबड्यावर उपडी घातली. कोंबडा होता डॉक्टरीणबाईंच्या खांद्यावर, त्यामुळे टोपलीत गेलं ते डॉक्टरीणबाईंचं डोकं. वर दगड नव्हता म्हणून माहेनूर स्वतःच दोन्ही हातांनी दाबून बसली.

टोपलीतून पुण्याची मराठी गेली आणि घरची बोली बाहेर आली. "ओ माय वं! हाई काय चाली ऱ्हायनं? गोवाल! काढ ना भो हाई!"

"गोवालकाका, मांजर आडं व्हा!" माहेनूर ओरडली.

गोवाल दाराशी गेला. मांजर अडवायला नव्हे, हसायला. त्याचे खांदे बराच वेळ हलत होते.

डॉक्टरीणबाई मोठ्या मनाच्या. केसांतून तीन पेले काढून त्या म्हणाल्या, "अकीलभाई, तुमचा कोंबडा फार चांगला आहे. म्हणूनच उपयोगाचा नाही. आता सहा दिवस राहिले. एक शेवटचा प्रयत्न करू, नाहीतर मी सुरतेला चिठ्ठी लिहिते."

अकील चष्मा घेऊन घरी आला तो जेवलाच नाही. टपरीत बसला तर चिमट्यातून स्क्रू पडला. पहिल्यांदा. गिऱ्हाईक घाबरलं.

"अरे," बिबीजान रात्री म्हणाली, "जे आपलं शे, त्यानामांगे आपू पळसूतच. कोंबडा देखा का डालनं, बकरी देखी का हाकलनं. असं जनावर आन, ज्याले देखीसन माणूस नुसता आ करीसन उभा ऱ्हास."

"असं कोणतं, अम्मी?"

"माले काय विचारस? गोमाईकाठे काठेवाडी उतरेल शेतस ना? त्यासना उंट जास तवय आख्खी गल्ली दारमा येस. धरस का कोन्ही उंटले?"

अकील दुसऱ्या दिवशी टपरी बंद ठेवून गोमाई नदीच्या काठावर गेला. काठेवाडी मेंढपाळांचा तळ होता. पांढऱ्या कपड्यातल्या म्हाताऱ्याला त्यानं नमस्कार केला आणि उंटाचे फोटो पाहिजेत म्हणून सांगितलं.

"केटला?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"दोनशे."

म्हाताऱ्यानं अकीलकडे बघितलं, मग उंटाकडे. "लगन करवूं छे?"

उंटाला कुणी धरायची गरज पडली नाही. तो बसून रवंथ करत राहिला, अकील त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालत राहिला. ह्या वेळी आकृतीत कुणाचा हात आला नाही. रवंथ करणारा जबडासुद्धा अकीलनं हलता केला. फक्त मापाचं काम राहून गेलं. घरात छप्पर बुटकं, त्यामुळे उंट पत्र्याच्या वर जायचा आणि आत नुसते पाय दिसायचे.

शनिवारी सकाळी तिसरी भेट. दवाखान्यात शिरताच लवंगेच्या तेलाचा वास आला आणि अकीलनं तोंडानं श्वास घ्यायला सुरुवात केली. माहेनूर खुर्चीत बसली, हनुवटी छातीला टेकवून. तिनं डॉक्टरीणबाईंकडे बघितलं नाही, चष्म्याकडे बघितलं नाही. कोपऱ्यात बघितलं. कोपऱ्यात अकीलनं आधीच भिंत धरली होती.

तेव्हा गोवालनं घसा साफ केला. त्याच्या आजच्या चाळीस शब्दांपैकी त्यानं काही उधळायचं ठरवलं होतं. तो डॉक्टरीणबाईंच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी माहेनूरकडे पाहिलं, मग तिची नजर जिकडे होती तिकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अकीलभाई," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "उंटाचं माप राहिलंय म्हणालात ना? मग तुम्हीच घाला आधी चष्मा. नीट बसवा. घाई नाही."

"बरोबर, बरोबर," अकील म्हणाला. काम मिळाल्याबरोबर त्याच्या जिवात जीव आला. त्यानं चष्मा चढवला.

आणि त्याच्या नाकासमोर उंटाचा गुडघा आला.

"अरे बापरे. फार मोठा झाला." त्यानं हवेत दोन बोटं चिमटीसारखी जवळ आणली. उंट शेळीएवढा झाला आणि बेसिनवर जाऊन उभा राहिला. "आता फार लहान." बोटं फाकवली. उंट फुगला, त्याची मान छताला टेकून खाली आली आणि अकीलच्या तोंडावरून सप्पकन फिरली. अकील खाली वाकला. मान परत आली. अकील परत वाकला. "ओ काका, जरा सरका ना!" तो उंटाला म्हणाला.

खुर्चीत माहेनूर हनुवटी उचलून बघू लागली. खोलीत उंट नव्हता. होता फक्त बाप, जो हवेला ढकलत होता, हवेखालून वाकून जात होता आणि कपाटाला पाठ लावून हवेची माफी मागत होता.

"अब्बा?"

"थांब बेटा, बसायला सांगतो त्याला. बस! बैठ! बेसी जा!" उंटाला कोणती भाषा कळते याची खात्री नसल्यानं अकीलनं सगळ्या करून बघितल्या. उंट बसला, पण एक्स-रे मशीनमध्ये अर्धा बसला. "नाही नाही, तिथे नको, मॅडमचं महागाचं आहे!"

माहेनूरच्या ओठांची पकड सुटली. आधी थोडी, मग पूर्ण. बघता बघता तिच्या तोंडाचा असा आ झाला की मागची दाढ खिडकीतून आल्यासारख्या उजेडात दिसू लागली. डॉक्टरीणबाईंचा हात आत गेला. सुई टोचली तेव्हा माहेनूरच्या भुवया वर गेल्या. पण त्याच क्षणी अकील उंटाच्या दोन पायांमधून रांगत पलीकडे निघाला होता, आणि असला प्रसंग सोडून रडणार कोण?

मग मशीन सुरू झालं. ईंऽऽऽ.

अकील रांगता रांगता थबकला. "गोवालभाऊ, मी उंटाला आवाज टाकलेलाच नाही. मग हे ईं ईं कोण करतंय?"

गोवाल क्षणभर विचार करून म्हणाला, "उंटच."

"उंट असा ओरडतो?"

"भूक लागली की."

अकीलला ते पटलं. तो मान हलवून पुन्हा मापाला लागला. पायाची बोटं सरळ होती. भिंगाखाली असतो तसा हात स्थिर होता. एक बोट इकडे, अर्धं बोट तिकडे, कुबड पंख्याखाली, पाय दाराच्या अलीकडे. कोपरानं ट्रे पडला तेव्हा त्यानं उंटालाच दटावलं. खुर्चीतून एक घुसमटलेलं हसू आलं आणि डॉक्टरीणबाईंचा आवाज, "हसू नकोस गं, माझा हात हलतो. बघत राहा फक्त."

किती वेळ गेला कळलं नाही. शेवटी उंट खोलीच्या मधोमध नीट बसून रवंथ करू लागला. अकीलनं समाधानानं हात झटकले.

"झालं! आता बसला मापात. माहेनूर, ये, घाल चष्मा. मॅडम, आता करा सुरू."

अकीलनं चष्मा काढला. माहेनूर बेसिनपाशी उभी राहून चूळ भरत होती आणि पाणी ओठाच्या बधिर कडेनं हनुवटीवर गळत होतं. डॉक्टरीणबाई कागदावर लिहीत होत्या.

"तासभर काही खायला देऊ नका," त्या म्हणाल्या. "ओठ बधिर आहे, चावून घेईल. दाढ भरली. सुरत रद्द."

"भरली?" अकील म्हणाला. "कधी?"

"तुमचा उंट माझ्या एक्स-रे मशीनमध्ये बसला तेव्हापासून." डॉक्टरीणबाईंनी चष्मा हातात घेतला. "अकीलभाई, पंधरा दिवस मी हा चुकीच्या माणसाला घालत होते. तिला माझी भीती नव्हती हो. ती दर वेळी तुमचा चेहरा बघायची आणि मनात म्हणायची, अब्बा एवढे घाबरलेत म्हणजे नक्कीच काहीतरी भयंकर असणार. गोवालच्या लक्षात आलं."

"मी? मी कोठे..." अकीलनं सुरुवात केली. मग त्यानं पोरीकडे पाहिलं. ती आपल्या बधिर गालाला बोटानं टोचून बघत होती, जसं दुसऱ्या कुणाच्या गालाला टोचावं. तिच्याकडे बघत तो दोन पावलं मागे सरकला, आणि मागे जे हाताला लागलं त्यावर मटकन बसला.

मागे खुर्ची होती. तीच.

आता, गोवाल अकरा वर्षं त्या दवाखान्यात आहे. त्या खुर्चीत माणूस बसला की त्याचे हात डोक्याला विचारत नाहीत. अकीलच्या गळ्यात निळा कागद बांधला गेला, खुर्ची गूंऽऽ करत मागे झुकली, दिवा फटकन तोंडावर आला आणि गोवालच्या रोजच्या, झोपाळू आवाजात शब्द आले, "आ करा."

शहाद्याच्या त्या रस्त्यावरच्या लोकांनी पुढचं पाहिलं ते असं: दातांच्या दवाखान्याच्या दारातून अकील मन्यार गळ्यात निळा कागद फडकवत बाहेर आला आणि अनवाणी, बस स्टँडच्या दिशेनं, मोबाइलवाल्याला न शोभणाऱ्या वेगानं निघून गेला. त्याच्या बऱ्याच मागून, अगदी सावकाश, त्याची मुलगी आली. एका हातात बापाच्या चपला, दुसऱ्या हातात औषधाची चिठ्ठी, अर्धा ओठ लोंबलेला. नानीबाईच्या कणसाच्या गाडीपाशी ती थांबली.

"काय वं, तुन्हा बापले काय व्हयनं?" नानीबाईनं विचारलं.

"काही नही," माहेनूर अर्ध्या ओठानं म्हणाली. "भ्यायी गया." मग चपला काखेत धरून तिनं दोन्ही हात मोकळे केले, हवेतल्या कुणालातरी ढकललं, खाली वाकली आणि अगदी बापाच्या आवाजात म्हणाली, "ओ काका, जरा सरका ना!"

नानीबाईनं कणीस भाजायचं थांबवलं. पलीकडचा सायकलवाला जवळ आला.

"आखो एकडाव कर," तो म्हणाला.

माहेनूरनं चपला खाली ठेवल्या, बाह्या वर केल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली.